अर्धा कोयता

६ एप्रिल, रविवार

मी बोलते आणि माझी सून स्वरूपा लिहिते. मला अक्षर येत नाही. सहीच्या जागी अंगठा देते, आणि तोही हल्ली विमानतळावरच्या यंत्राला पटत नाही. रेषा झिजल्यात म्हणे. तो साहेब माझ्या बोटांकडे आणि मी त्याच्या टकलाकडे बघत राहिलो. शेवटी त्यानंच हार मानली.

वहीची कल्पना स्वरूपाची. फेब्रुवारीत हे गेले, माझ्या नातीचे, कुहूचे आजोबा. मी रडले नाही. गावातल्या बाया म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर आत साचेल. एकीनं चिमटासुद्धा काढून बघितला. मग शरद, म्हणजे माझा मुलगा, मला इथं जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला घेऊन आला. सून म्हणाली, "आई, रोज थोडं बोलत जा, मी लिहून घेते. बोललं की हलकं वाटतं." मी म्हटलं, अगं, आधी जड वाटत असेल तर हलकं वाटेल. दाढ काढताना सुई देतात ना, मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं माझं सगळ्या अंगाचं झालंय. तर ती म्हणाली, "हेच. हेच बोलायचं."

एक सांगून ठेवते. ही पुण्याची आहे. माझं बोलणं कागदावर उतरवताना त्याला इस्त्री करते. वाचणाऱ्यानं मधून मधून सुरकुत्या आपल्या आपण घालून घ्याव्यात.

९ एप्रिल

आज काही झालं नाही. पिवळा डबा बाहेर ठेवायचा दिवस होता, तो शरदनं ठेवला. इथं कचऱ्याचेसुद्धा वार ठरलेले. आमच्याकडे उपासाचे असतात.

कुहू शाळेतून आली. नात माझी, यंदा अकरावं लागेल. माझं सगळं बोलणं तिला कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी म्हणते, हात धू. ती काहीतरी बोलते आणि हात धुते. म्हणजे बरंच काहीतरी बोलली असणार.

१९ एप्रिल, शनिवार

आज शोभनाबाई आल्या होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. चाळीस वर्षं इथं आहेत, नवरा जर्मन, तोही वरणभात हातानं खातो म्हणे. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान असतील, पण मला आजी म्हणतात. म्हणोत. मला आजी म्हटल्यानं त्या तरुण होत असतील तर माझं काय जातं?

पुरणपोळीचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडे उसाचं मोठं बागायत आहे ना? शरद सांगत असतो."

मी शरदकडे बघितलं. तो चमच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "हो तर. अख्खा जन्म उसातच गेला."

त्या गेल्यावर शरद म्हणाला, "आई, ते कॉलेजात एकदा बोलून गेलो होतो. हॉस्टेलवर सगळी बागायतदारांची मुलं. मग ते चिकटलं. इथंही आपल्या कॉलेजचे दोघंजण आहेत. आता कसं काढायचं?"

"आणि पोरीला?"

"तिलाही तेच माहीत आहे."

स्वरूपाला लग्नाआधीपासून खरं माहीत आहे, म्हणून इथं बोलायला हरकत नाही. आम्ही ऊसतोडीवाले. दिवाळी झाली की बीडकडून निघायचं, आणि कारखान्याचा हंगाम संपला की परत. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. कोणाची बायको बाळंत झाली, कोणाचा नवरा अंथरुणाला खिळला आणि एकटंच आलं, की तो अर्धा कोयता. आम्ही दोघं जन्मभर एकच मोजलो गेलो. आता मी अर्धा. परवा इथल्या ऑफिसात माझ्या नावापुढे विधवा असं लिहून घेतलं. त्यापेक्षा मुकादमाचा शब्द बरा. निदान त्यात काम शिल्लक असतं.

शरदला मी म्हटलं, राहू दे रे. ऊस होता हे खरंच आहे. कोणाच्या बांधाला होता एवढंच गाळलंयस.

तो हसला नाही. मी हसवायला बोलले होते.

१ मे, गुरुवार

आज महाराष्ट्र दिन. इथं कामगारांचा दिवस म्हणून सुट्टी. मंडळानं सहल काढली. ताऊनुसच्या डोंगराच्या पायथ्याला एक जुनं मोठं घर आहे, भोवती बाग. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या मालकाचे समुद्रापलीकडच्या बेटावर उसाचे मळे होते. ऊस तिकडे, साखर इकडे, आणि साखरेचं हे घर.

बागेचं काय सांगू. झाडं हजेरीला उभी केल्यासारखी रांगेत. एक पान रेषेबाहेर नाही. हिरवळीवर मोर होते. तेसुद्धा ओरडायच्या आधी घड्याळ बघत असतील. गुलाब अजून आले नव्हते, पण त्यांच्या नावांच्या पाट्या आधीच येऊन बसल्या होत्या.

आत एक उंच, करड्या केसांची बाई सगळं दाखवत होती. साखर ठेवायची चांदीची पेटी, तिला कुलूप. मग छताची नक्षी. सगळ्यांनी माना वर केल्या. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून माझी मान तेवढी मागं जात नाही, म्हणून मला समोरच्या भिंतीवरचं चित्र दिसलं. बेट, समुद्र, उसाचा फड, आणि फडात ठिपक्याएवढी वाकलेली माणसं. मालक पलीकडच्या भिंतीवर, वेगळ्या चौकटीत एकटा, गालाला तांबडा रंग लावलेला. ठिपक्यांना तोंडं काढलेली नव्हती.

कुहूनं खालची पाटी वाचली आणि आईला काहीतरी विचारलं. स्वरूपानं मला सांगितलं की ती माणसं विकत घेतलेली होती. आफ्रिकेतून धरून आणलेली.

तिथं मी गप्प बसले, शरद शेजारी होता. इथं बोलते. आम्हाला कोणी विकत घेतलं नव्हतं. आम्ही आमच्या पायानं जायचो आणि पायानं परत यायचो. हा मोठा फरक आहे, तो पुसायचा नाही. पण पाठीत जी कळ येते तिला हा फरक कळत असेल का, ते त्या ठिपक्यांपैकी कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं.

मला चित्र बघून काही वाटलं का, असं स्वरूपा विचारते. नाही. पाय दुखत होते.

मग काचेचं घर. आत लिंबं, केळी, कॉफीचं झाड, आणि शेवटी कुंड्यांमध्ये ऊस. रोगट बिचारा, करंगळीएवढा. मी नुसती बघत उभी होते. खाली बघते तर माझ्या हातांनी एका उसाचं वाळलं पाचट बुडापासून सोलून काढलेलं. हात लावू नये अशी पाटी होती म्हणे. मला पाट्यांचं काय?

शोभनाबाई ओरडल्या, "अय्या! बघा बघा, मालकीणबाईंना राहवलं नाही!"

सगळे हसले. ती करड्या केसांची बाई धावत आली. मला वाटलं आता दंड. पण ती खूश. शोभनाबाईंनी तिला सांगितलं की या आजींच्या घरी उसाचे मळे आहेत. तर ती म्हणाली, जूनमध्ये आमच्या बागेचा उत्सव आहे, यंदा विषय साखर, तुमच्यातलं कोणी ऊस या विषयावर बोलेल का? शोभनाबाईंनी शरदचं नाव देऊनसुद्धा टाकलं. आजी नऊवारीत शेजारी बसतील, कुहू त्यांचं बोलणं जर्मनमध्ये सांगेल, किती गोड!

शरद म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ. नक्की." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घरी आल्यावर म्हटलं, अरे, बोलायचंच आहे ना, फाशी नाही. तर उठून आत गेला.

४ मे, रविवार

आज लिहिणारीचंच भांडण झालं, नवऱ्याशी. लिही गं, गाळू नकोस.

ती म्हणाली, "तू त्या बाईला फोन करून नाही म्हण, नाहीतर खरं सांग. पण आईंना शेजारी बसवून पुन्हा तेच?"

तो म्हणाला, "तुला सोपं आहे. तुझे आजोबा प्रोफेसर होते."

"ते प्रोफेसर होते हा माझा दोष?"

"मंडळात उद्या सगळे कुहूकडे कसे बघतील, कळतं का तुला?"

"आणि कुहू तुझ्याकडे कशी बघेल?"

मग तो जर्मनमध्ये बोलायला लागला आणि हीसुद्धा. मला कळू नये म्हणून असेल. उगाच त्रास घेतला. आवाज कळतो की. बैल मारका आहे का नुसता भ्यालेला, हे ऐकायला भाषा लागत नाही.

मला स्वतःला यात दोघांचाही राग येत नाही. यायला हवा होता एकाचा तरी.

१३ मे

पाऊस. डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत, तिथं डॉक्टरनं टाचणी टोचली. कळलं का विचारलं. मी म्हटलं, तुला टोचलेलं दिसलं ना, मग झालं.

२५ मे, रविवार

शरद माझ्या खोलीत येऊन बसला. गुडघ्यावर हात ठेवून, साहेबासारखा. म्हणाला, "आई, तिथं ती बाई तुला दोनचार प्रश्न विचारेल. तू जास्त बोलू नकोस. फक्त हो म्हण."

"मी आजवर कधी नाही म्हटलंय?"

"आणि दादांचं विचारलं तर..."

 वडिलांना तो दादा म्हणायचा.

मी म्हटलं, "तर काय सांगू? माडीवर बसून हिशेब करायचे म्हणू?"

"आई, चेष्टा नको."

"बरं. मी सांगते काहीतरी चांगलं. तू काळजी करू नकोस. माणूस गेलेलं आहे, ते काही येऊन नाही म्हणणार नाही."

मी त्याला धीर द्यायला बोलले. तो एकदम उठला आणि खिडकी उघडून उभा राहिला. इथल्या लोकांना हवा फार लागते. हाही तसाच झालाय.

त्याच्या खोलीतून आता रोज जर्मन ऐकू येतं. पाठांतर चाललंय. लहानपणी फडाच्या कडेला बसून पाढे म्हणायचा तेव्हा ह्यांचा कोयता त्या तालावर चालायचा. सतराचा पाढा त्याला यायचा नाही, तिथं हेही अडायचे.

१५ जून, रविवार

आज तो उत्सव झाला.

स्वरूपानं मला हिरवी नऊवारी नेसवली, तिला नेसवता येत नाही, मीच नेसले, पण तिला वाटू दिलं. गुलाब आता फुलले होते. हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या, केक, मुलांना साखरेच्या कांड्या. झाडाखाली छोटा मंच. मंडळाचे लोक पुढच्या रांगेत. शोभनाबाईंनी काळा चष्मा आणि पैठणी दोन्ही घातलं होतं.

शरद आधी बोलला. कागदावरून. चांगलं बोलला असावा, लोक माना हलवत होते. मग ती करड्या केसांची बाई माझ्याकडे वळली. ती विचारायची, स्वरूपा खालून मला मराठीत सांगायची, मी बोलायची, आणि कुहू माझ्याशेजारी उभी राहून ते जर्मन करायची. पोरगी छान दिसत होती. पहिल्यांदाच माझं बोलणं कोणाला तरी कळवायचं काम तिला मिळालं होतं, तर छाती पुढे काढून उभी.

बाईनं विचारलं, तुमच्याकडे ऊस कोण तोडायचं?

मी म्हटलं, "गडीमाणसं असतात की." कुहूनं सांगितलं.

त्यांच्याशी तुमचं नातं कसं होतं?

मी म्हटलं, "जवळचं." कुहूनं सांगितलं. बाईला ते फार आवडलं.

मग ती म्हणाली, आणि तुमचे यजमान?

मी शरदकडे बघितलं. तो कागद उलटून मागं काही लिहिलंय का बघत होता. म्हटलं, पोराला सोडवलं पाहिजे. पटकन सुचलं ते बोलले. "ते घोड्यावरून फिरायचे. पांढरा घोडा होता. सगळ्या मळ्याला चक्कर मारायचे, डोक्याला फेटा, आणि मग माणसं कामाला लागायची."

जन्मात गाढवावर बसला नव्हता माणूस. त्याला मेल्यावर मी घोड्यावर बसवलं, तोही पांढऱ्या. म्हटलं, जाऊ दे, तेवढीच हौस.

पण कुहू ते जर्मन करायचं विसरली. माझ्याकडे बघत राहिली. मग बापाकडे वळली आणि ओरडून काहीतरी विचारलं. त्यात घोडा होता एवढं कळलं, तिनं हातानं लगाम धरून दाखवला. इतकी खुशी मी इथं आल्यापासून तिच्या तोंडावर बघितली नव्हती. सगळे हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या. मलाही वाटलं, चला, निभावलं.

शरद तिच्याकडे बघत होता. मग त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि बाईच्या हातातून माइक घेतला.

तो जर्मनमध्ये बोलला. बराच वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. आमच्या गावाचं नाव आलं. कोयता आला. मुकादम आला, दादा आला, आई दोनदा आलं. एकदा त्यानं हात माझ्याकडे केला, पण बघितलं नाही.  शोभनाबाईंनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या पांढऱ्या खुर्च्यांमध्ये कोणी कप खाली ठेवला तर आवाज होईल म्हणून कप हातातच धरून बसले होते. कुहू खाली गवताकडे बघत होती. मला वाटलं, घोड्याचं खोटं पकडलं गेलं आणि पोराला सगळ्यांसमोर माफी मागावी लागते आहे. म्हटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

शेवटी टाळ्या नाहीत. शरद खाली उतरला तेव्हा कॉलेजातल्या त्या दोघांपैकी एक उठून त्याच्याकडे गेला आणि दुसरा केककडे गेला. शोभनाबाई माझ्याजवळ आल्या.  "अहो आजी," म्हणाल्या, "निदान मला तरी सांगायचं." आणि माझा पदर नीट करत बसल्या. पदर नीटच होता.

गाडीत बसलो. मी विचारलं, काय रे बोललास? तो गाडी चालवत होता. स्वरूपाला विचारलं, ती नाक पुसत होती. आत्तासुद्धा विचारते आहे, तर म्हणते, "आई, ते त्यानंच तुम्हाला सांगायला हवं." बरं. पगारी लेखनिक बरी असते, ती तरी सांगते.

१६ जून, सोमवार

शरदनं आज रजा घेतली. सकाळी स्वतः चहा केला, माझ्यापुढे ठेवला, आणि स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसला. इथं आल्यापासून त्याला फरशीवर बसलेला बघितला नव्हता.

"काल काय बोललास ते सांग आता. माझ्यामुळं तुला ऐकून घ्यावं लागलं का?"

"नाही गं."

"मग?"

त्यानं सुरुवात केली आणि अडला. पुन्हा केली. म्हणाला, "आई, तिकडे बोलताना शब्द आले. मराठीत येत नाहीत. मराठीत हे कधी कोणाला सांगितलंच नाही."

"एकच सांग. बाकीचं राहू दे."

त्यानं माझा कप उगाच जरा पुढं सरकवला. मग म्हणाला, "मी सांगितलं की दादांकडे घोडा नव्हता. दादा चालत जायचे. पहाटे, गाडीच्या पुढं, बैलांना वाट दाखवत. आणि तू मागून, मला पाठीला बांधून."

मी म्हटलं, "पाठीला नाही. पोटाशी. पाठीला पिठाचं गाठोडं असायचं."

"ते मला आठवत नाही."

"तू झोपलेला असायचास. मग काय म्हणाले लोक?"

"काही नाही."

"बरं झालं. ह्यांना कोणी फार काही बोललेलं आवडत नसे."

कुहू दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. मला वाटलं घोड्यासाठी रुसली असेल. मी म्हटलं, ये गं, खोटं बोलते तुझी आजी, चांगला घोडा दिला होता तुला, बापानं काढून घेतला. ती हसली नाही. पुढं आली आणि मराठीत म्हणाली. जर्मन नाही, मराठीत. एकेक शब्द काट्यासारखा काढत.

"आजी, आजोबा कसा चालत होता?"

मी सांगायला लागले. पण चालणं तोंडानं सांगता येत नाही. म्हणून उठले. लुगड्याचा काष्टा नीट केला आणि चालून दाखवलं. त्यांचा उजवा खांदा खाली असायचा, कोयत्याकडचा. डावं पाऊल जरा बाहेर पडायचं. मान पुढं, आणि दर थोड्या पावलांनी मागं न बघता हात मागं करायचे, येतेस ना, म्हणून. मी तसा हात केला. मागं कुहू माझ्यासारखाच खांदा पाडून चालत होती, पाऊल बाहेर टाकत. त्या हातात तिनं हात दिला.

ओट्यापासून दारापर्यंत गेले. दाराशी वळायचं होतं. वळता येईना. दाराकडे तोंड करून तशीच उभी राहिले, कुहूचा हात धरून, आणि मागं शरद फरशीवर.

मला काही वाटत नव्हतं, हे मी आत्ताही सांगते. स्वरूपा म्हणते, माझं तोंड सगळं ओलं झालं होतं, हनुवटीवरून पदरावर गळत होतं, आणि शरदनं उठून पुसलं. मला ते माहीत नाही. तिनं बघितलं असेल तर तिला लिहू दे.